आय गेव्ह द एक्झाम : पुण्याचं इंग्रजी आणि आपली मराठी

आजचा भाग एका हशापासून सुरू होतो. तो हशा माझ्यावरच होता, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

मी बार्शीहून पुण्याला शिकायला आलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी-बारावी सायन्स, म्हणजे पुस्तक इंग्रजीत आणि शिकवणं मराठीत. कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात एका सरांनी मला उभं केलं आणि प्रवेश परीक्षेबद्दल काहीतरी विचारलं. मी मनातल्या मनात वाक्य जुळवलं, दोनदा तपासलं आणि बोललो, "सर, आय गेव्ह द एक्झाम इन मे ओन्ली." मागच्या बाकांवरून हसू फुटलं. सरही हसले. "टुक," ते म्हणाले, "नॉट गेव्ह. अँड व्हाय ओन्ली?" मी खाली बसलो. पुढची तीन वर्षं मी वर्गात इंग्रजीतून तोंड उघडलं नाही. तोंडी परीक्षेत येत असलेली उत्तरंसुद्धा गिळली. त्याचे मार्कही गेले.

आता गंमत अशी, की त्याच आठवड्यात हॉस्टेलवर मी मराठीतही हसं करून घेतलं होतं. कुणीतरी विचारलं काय चाललंय, मी म्हणालो, "अभ्यास करायलोय." सोलापूरकडे, मराठवाड्यात असंच बोलतात. पण पुण्याच्या पोरांना तो विनोद वाटला. म्हणजे मराठीत बोललो तर बार्शी दिसायची आणि इंग्रजीत बोललो तर मराठी दिसायची.

त्या वेळी मला वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं आहे, विषय संपला. बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं, की माझ्या त्या वाक्यात एकही शब्द सहज चुकून आलेला नव्हता. 'गेव्ह' आलं होतं 'परीक्षा दिली'मधून. आपल्याकडे सर परीक्षा घेतात आणि आपण देतो. 'ओन्ली' आलं होतं 'मे महिन्यातच' यातल्या 'च'मधून. हा 'च' आपण शब्दाच्या शेपटीला लावतो, म्हणून 'ओन्ली'पण शेपटीला गेला. मी इंग्रजी शब्द वापरून अगदी शुद्ध मराठी बोललो होतो.

मग मी शोधायला लागलो, की हे पुण्यात कधीपासून चालू आहे. आणि शोधताना जे सापडलं ते सांगण्यासाठी हा भाग आहे.

बाजीराव रोडवरचा विश्रामबागवाडा तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल, निदान त्याच्यासमोर सेल्फी काढला असेल. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. पेशवाई बुडाली 1818 साली, आणि तीनच वर्षांनी, 6 ऑक्टोबर 1821 ला, इंग्रजांनी या वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे दरवर्षी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. तो पैसा एकदम बंद केला तर शहर बिथरेल, म्हणून एल्फिन्स्टनने त्यातला काही भाग शिक्षणाकडे वळवला. पुण्यातलं इंग्रजी राज्याचं उच्च शिक्षण सुरू झालं ते असं, संस्कृतमधून. इंग्रजी मागाहून आली. 1851 मध्ये ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं. 1864 मध्ये त्याचं नाव डेक्कन कॉलेज पडलं, आणि पुढे ते येरवड्याच्या बाजूला आजच्या दगडी इमारतीत गेलं. हे डेक्कन कॉलेज लक्षात ठेवा, आपण परत तिथे येणार आहोत.

या सगळ्या धामधुमीत एक माणूस होता, मेजर थॉमस कँडी. पाठशाळेचा आणि नंतर कॉलेजचा कारभार बघणारा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तुम्ही ऐकला असेल, 1831 चा. त्या कामात थॉमस आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज, दोघेही होते. मोल्सवर्थ आणि थॉमस कँडीचा इंग्रजी-मराठी कोश आला 1847 मध्ये. म्हणजे हा कँडी मराठी शिकलेला, मराठीत मुरलेला इंग्रज. 1877 मध्ये महाबळेश्वरला वारला, तोवर मराठी शाळांच्या पुस्तकांवर त्याचा हात फिरत होता.

कँडीच्या आधीचं मराठी लिखाण कसं दिसायचं? मोडीतलं एखादं पत्र बघा. हात शक्यतो उचलायचाच नाही, शब्दांत अंतर नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. पोथीत फार तर दंड. आपल्याला वाटतं, बापरे, वाचायचे कसे? पण त्यांचं अडत नव्हतं, आणि त्याला कारण आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. 'केले', 'आले', 'पाठविले' आलं की कानाला कळतं, वाक्य संपलं. प्रश्न असेल तर शेवटी 'का' येतो किंवा आधीच 'काय', 'कोठे' येऊन गेलेलं असतं. खुणा शब्दांच्या आतच होत्या.

कँडीने 1850 मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' नावाचं छोटं पुस्तक काढलं. इंग्रजीत जी चिन्हं असतात ती मराठीत कशी वापरायची, याचं. आज आपण व्हॉट्सॲपवर "कुठे आहेस???" असं तीन प्रश्नचिन्हं ठोकून लिहितो. मराठीच्या हिशेबाने तिथे एकाचीसुद्धा गरज नाही, कारण 'कुठे' आधीच येऊन गेलंय. ती तिन्ही साहेबाच्या मातृभाषेतून आलेली आहेत.

आणि कँडी एकटा नव्हता. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये छापलं गेलं. मराठी मुलांना मराठीतून मराठीचं व्याकरण शिकवणारं हे पुस्तक अनेक वर्षं शाळांमध्ये चाललं. पण त्याची चौकट लिंडली मरे या लेखकाच्या इंग्रजी व्याकरणावरून घेतलेली होती. पुढे 1888 मध्ये आगरकरांनी 'वाक्यमीमांसा' लिहिली. वाक्याचं पृथक्करण करा, उद्देश्य ओळखा, विधेय ओळखा, हे जे शाळेत तुमच्या-माझ्या मागे लागलं, त्यामागे इंग्रजी वाक्य सोलून बघण्याची सवय आहे. मी तक्रार करत नाहीये हां. आगरकरांचं पुस्तक म्हणजे डोकं तल्लख असलेल्या माणसाने मराठीकडे नव्या चष्म्यातून पाहणं होतं. चष्मा मात्र विलायती होता.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना याचा राग होता. 1874 मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि पहिलाच निबंध लिहिला मराठीच्या त्या वेळच्या स्थितीवर. इंग्रजी वळणाच्या, भाषांतरी मराठीवर त्यांनी कोरडे ओढले. आणि तरी त्यांच्या स्वतःच्या लांबलचक, डौलदार वाक्यांवर मेकॉले आणि जॉन्सन या इंग्रजी निबंधकारांची छाप आहे, असं मराठीचे अभ्यासकच सांगतात. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याची पद्धतही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. म्हणजे दूध पिऊन झालं होतं, आणि मिशांवर थोडं राहिलं होतं.

आता मला इथे जे टोचलं ते सांगतो. एका इंग्रजाची मातृभाषा मराठीत उतरली तेव्हा त्याचा नियम झाला. पाठ्यपुस्तक झालं. न पाळल्यास मार्क जातात. माझी मातृभाषा इंग्रजीत उतरली तेव्हा तिची चूक झाली, आणि मागच्या बाकांवरून हसू आलं. क्रिया एकच आहे. कुणाच्या हातात छापखाना होता आणि परीक्षा कोण घेत होतं, एवढाच फरक.

बरं, मग आपल्या बाजूने इंग्रजीत नेमकं काय काय उतरतं? इथे थोडा वेळ थांबू, कारण हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

पहिलं, आवाज. 'व्हिडिओ' हा शब्द लिहून बघा. आपण 'व्ह' लिहितो. हिंदीवाले 'वीडियो' लिहितात. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू असे दोन वेगळे आवाज आहेत, आपल्याकडे 'व' एकच. मराठी लिहिणाऱ्यांनी एकासाठी 'व्ह' घेतला, दुसऱ्यासाठी 'व' ठेवला. कागदावर फरक झाला. तोंडात होतोच असं नाही.

'पिझ्झा'चंही तसंच. हिंदीत 'ज'खाली नुक्ता देतात, आपण 'झ' लिहितो. का? कारण आपल्याकडे 'झाड'मधला दंत्य 'झ' आहे, तो त्या आवाजाच्या सगळ्यात जवळचा. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा, दोन्ही 'च' वेगळे आहेत. लिहिताना आपण फरक करत नाही, बोलताना करतो, आणि हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. हेच दंत्य उच्चार आपण इंग्रजीत घेऊन जातो, आणि 'झू' म्हणताना जीभ अलगद दाताला टेकते. इंग्रजाची टेकत नाही.

'लिव्ह' आणि 'लीव्ह'चा घोळ तर ठरलेला. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, मधली बहुधा ऱ्हस्व, आणि बोलताना त्या फरकाने सहसा अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. एक राहतो, दुसरा निघून जातो.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याला फुकट मिळाली आहे. 'स्कूल', 'स्टेशन'. उत्तरेत अनेकांना सुरुवातीला 'इ' लावावा लागतो, 'इस्कूल'. आपल्याला 'स्नान', 'स्थान', 'स्पष्ट'ची सवय, म्हणून जीभ अडत नाही. गावाकडे 'ठेसन' म्हणतात ते वेगळं. तिथे तर अडणारा 'स'च काढून टाकलाय, झंझट नको.

आणि 'बॅट', 'कॉलेज'. या दोन आवाजांसाठी आपण चिन्हंच घेतली, ॲ आणि ऑ. 2009 मध्ये राज्य सरकारने मराठी वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात ही दोन्ही अधिकृतपणे आहेत. शाळेत आता बाराखडीची चौदाखडी झाली आहे. इंग्रजीने मराठी मुळाक्षरांत दोन खुर्च्या टाकल्या, आणि त्यावरून कुणाचं फारसं भांडणही झालं नाही.

आता वाक्य. 'मला इंग्रजी येतं.' इंग्रजीत याचं काय होतं? 'आय नो इंग्लिश.' बघा, मराठीत मी काही करतच नाही. इंग्रजी येते, मी तिथे नुसता बसलोय. भूक लागते, ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो, मला दोन भाऊ असतात. इंग्रजीत हे सगळं 'आय' करतो. आय ॲम हंग्री, आय हॅव टू ब्रदर्स. मराठी मूल इंग्रजी शिकतं तेव्हा त्याला नुसते शब्द बदलायचे नसतात. वाक्यात जिथे तो 'मला' म्हणून बाजूला उभा होता, तिथून त्याला मधोमध येऊन 'आय' व्हायचं असतं. 'फीव्हर हॅज कम टू मी' लिहिणारा मुलगा ढ नसतो, तो फक्त जागा सोडायला तयार नसतो.

'परीक्षा दे' हे आपण बघितलंच. 'पंखा बंद कर'वरून 'क्लोज द फॅन' येतं. 'शिकणे' आणि 'शिकवणे' एकाच घरातले, म्हणून 'ही लर्न्ड मी इंग्लिश'. 'येणार ना?'वरून 'यू आर कमिंग, नो?' आणि 'राहतो'वरून 'व्हेअर डू यू स्टे?', ज्यावर परदेशी माणूस हॉटेलचं नाव सांगतो.

'डिड यू वेन्ट?' ही तर राष्ट्रीय चूक. माझी एक थिअरी होती. मराठीत 'तू गेलास' या वाक्याला 'का' जोडला की प्रश्न तयार, क्रियापदाला हात लावायचा नाही. मूल 'डिड'ला 'का' समजतं, फक्त पुढे ठेवतं. 'वेन्ट' तसंच राहतं. मला स्वतःवर फार खूश व्हायला झालं होतं. मग वाचलं, की ज्यांची मातृभाषा मराठीच्या जवळपासही नाही अशी मुलंही हीच चूक करतात, आणि इंग्रज आईबापांची तीन वर्षांची पोरंसुद्धा 'गोड' म्हणतात. गुळासारखं गोड नाही, 'गो'ला 'एड' लावून. 1970 च्या दशकात अमेरिकेत यावर बरंच संशोधन झालं आणि बऱ्याच चुका मातृभाषेच्या नसून शिकण्याच्याच असतात असं दिसलं. माझी 'का'ची थिअरी तिथे लंगडी पडली. पूर्ण पडली असं मला अजून वाटत नाही.

हे सगळं मी हौसेने सांगतोय. पण याच शहरात जन्मलेल्या एका माणसाने त्याचा शास्त्रशुद्ध विचार केला होता, 1957 मध्ये. डॉ. अशोक केळकर. जन्म पुण्याचा, 1929 चा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनी आणि शब्दरूपांवर पीएच.डी. करत असताना 'वर्ड' नावाच्या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. विषय होता 'मराठी इंग्लिश', परक्या उच्चारांचा एक अभ्यास. नंतर ते डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवत. तेच डेक्कन कॉलेज, ज्याची मुळं विश्रामबागवाड्यात होती. 2014 मध्ये पुण्यातच ते गेले.

त्या लेखाच्या नावातच माझ्यासाठी सगळं होतं. मराठी इंग्लिश. 'वाईट इंग्लिश' नाही, 'चुकीचं इंग्लिश' नाही. मराठी माणसाच्या तोंडचं इंग्रजी ही अभ्यास करण्याजोगी गोष्ट आहे, तिला घडण आहे, ती बघता येते, मांडता येते. त्याच सुमारास जगभर हा विचार सुरू होता. उरिएल वाइनरायख या अभ्यासकाचं दोन भाषांच्या संपर्कावरचं पुस्तक 1953 चं. पुढे 1967 मध्ये पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. सूत्र साधं होतं : चूक बघितली की मुलाच्या डोक्यात कुठला नियम चाललाय ते कळतं. मला ज्या सरांनी 'व्हाय ओन्ली?' विचारलं, तो प्रश्न खरं तर फार चांगला होता. उत्तर ऐकायला थांबले असते तर 'च' सापडला असता.

विश्रामबागवाड्यातून बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की अप्पा बळवंत चौक. एबीसी. जून महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथे तुम्हाला अजूनही एक पुस्तक मिळतं, 'तर्खडकर भाषांतर पाठमाला'. तुमच्या आजोबांना विचारा, ते अजून त्यातली वाक्यं म्हणून दाखवतील. पद्धत अगदी साधी. नियम मराठीतून समजावायचा, मग इंग्रजी वाक्यं मराठीत करायची आणि मराठी वाक्यं इंग्रजीत. 'मला'चं 'आय' कसं होतं, 'ने'चं 'बाय' कधी आणि 'विथ' कधी, हे हात धरून दाखवायचं. मराठीला दाराबाहेर उभं करायचं नाही.

दुसरी पद्धत म्हणजे डायरेक्ट मेथड. वर्गात फक्त इंग्रजी, मातृभाषेला बंदी. आपल्याकडे तिचा पुरस्कार करणारा एक मोठा माणूस म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला पी. सी. रेन. होय, 'रेन अँड मार्टिन'मधला रेन! भारतातल्या शाळांत इंग्रजी थेट कसं शिकवावं यावर त्याने पुस्तकच लिहिलं. आणि पुढे 1924 मध्ये याच माणसाने 'बो जेस्ट' ही वाळवंटातल्या फ्रेंच फौजेची साहसकथा लिहून जगभर नाव काढलं. व्याकरणाच्या पुस्तकावर ज्याचं नाव बघून आपल्याला झोप येते, तो माणूस मुळात थरारक कादंबऱ्या लिहायचा, हे मला कुणी शाळेत सांगायला हवं होतं.

डायरेक्ट पद्धतीत तथ्य आहे. भाषा कानावर पडली पाहिजे, नुसतं भाषांतर करत बसलं तर माणूस तर्खडकर पाठ करतो आणि बँकेत इंग्रजीतून चेकबुक मागताना घाम फुटतो. पण बंदीचं पुढे काय होतं ते माझ्या भाचीकडे बघून कळतं. तिच्या शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड. ती पाच वर्षांची असताना तिला बाथरूमला जायचं होतं, इंग्रजी वाक्य आठवेना, मराठीत विचारायची भीती. पुढचं तुम्ही समजलात.

सरकारी धोरणाचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो म्हणजे नुसतं खालीवर आहे. 1840 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत शिक्षण मंडळाचा अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने, असा मोठा वाद झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. मग ते पाचवीवर आलं. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीवर आलं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय, की जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा.

पण कुणाची मातृभाषा? इथे मला थोडं मागे जाऊन भिडेवाड्यासमोर उभं राहावं लागतं. 1848. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांची मुलींची शाळा. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 चा, आणि त्यात इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या, इंग्रजीला माऊली म्हणणाऱ्या कविता आहेत. चिपळूणकरांना इंग्रजी मराठी बिघडवताना दिसत होती. सावित्रीबाईंना तीच इंग्रजी ज्यांना पाटीला हात लावू दिला नव्हता त्यांच्यासाठी दार उघडताना दिसत होती. पेठा त्याच, काळ जवळपास तोच. मराठी बिघडण्याची चिंता करायला आधी मराठी तुमच्या ताब्यात असावी लागते.

आजही तसंच आहे. मी दीड वर्षापासून रविवारी सकाळी पर्वतीच्या पायथ्याशी एका अभ्यासवर्गात इंग्रजी शिकवायला जातो. पंचवीस-तीस मुलं येतात. घरी कुणी वडारी बोलतं, कुणी कन्नड, कुणी दखनी, कुणी नेपाळी. एक मुलगी आहे सातवीतली, बंजारा. घरी गोरमाटी. तिच्या भाषेत आईला 'याडी' म्हणतात. शाळेत ती पहिलीत गेली तेव्हा बाईंनी चित्र दाखवून विचारलं, ही कोण? ती म्हणाली याडी. बाई म्हणाल्या, नाही, आई. मग काही महिन्यांनी इंग्रजीच्या तासाला तेच चित्र, आणि आता ती आईसुद्धा नाही, मदर. आपण 'मातृभाषेचा इंग्रजीवर परिणाम' म्हणतो तेव्हा या मुलीच्या बाबतीत नेमकी कुठली भाषा धरायची? तिच्या इंग्रजीत मराठी दिसते, आणि मराठीच्या खाली आणखी एक भाषा आहे, जी तपासणाऱ्याला ओळखूसुद्धा येत नाही. तिची वही कुणी लाल पेनाने तपासली तर सगळ्यालाच 'चूक' म्हणणार.

गेल्या महिन्यात तिची कसलीशी स्कॉलरशिपची परीक्षा होती. मी इंग्रजीत त्यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. पहिलीच ओळ, "आय गेव्ह द एक्झाम ऑन संडे ओन्ली."

मी इतका मोठ्याने हसलो, की ती घाबरली. मग मी तिला माझी गोष्ट सांगितली, बार्शी, कॉलेज, मागचे बाक, सगळी. वहीत 'गेव्ह' खोडलं नाही. खाली मराठीत लिहिलं, 'परीक्षा दिली', आणि बाणाने दाखवलं की गेव्ह कुठून आलं. बाजूला लिहिलं, इंग्रज इथे 'टुक' म्हणतात. 'ओन्ली'पासून एक बाण 'च'कडे काढला. तिने विचारलं, "गोरमाटीतून बाण काढायचा असेल तर?" मी म्हटलं, तो तू मला शिकव. तिने तो पेन्सिलने काढला, तिच्या वाक्यासकट.

मग वहीकडे बघत जरा वेळ गप्प राहिली.

"दादा, मुलं टेक करतात?"

"हो."

"मग सर काय करतात?"

"सर गिव्ह करतात. टीचर गिव्ह्ज द एक्झाम."

"म्हणजे यांचं सगळं उलटंच आहे," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य लिहायला लागली.